पिंपात उतरवलेलं ऊन

या शहरातली माणसं मला चेहऱ्यानं कमी आणि गच्चीनं जास्त आठवतात. रस्त्यात कुणी नमस्कार केला की मी आधी गोंधळतो. मग तो म्हणतो, "अहो, सिडकोत आमच्याकडं सौर बंब बसवला होता ना तुम्ही?" तेव्हा मला त्याची गच्ची दिसते. वाळत घातलेल्या कुरडया, कोपऱ्यातली मोडकी सायकल, दक्षिणेकडचा तडकलेला कठडा. त्यानंतर कुठं माणूस ओळखू येतो.

आता गच्चीवर जाणं बंद झालंय. गुडघे नाही म्हणतात. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हणून निरोप पाठवला तेव्हा मी बिचकलो. सातवीतून शाळा सुटलेला माणूस मी. लिहिणं म्हणजे बिल आणि पावती, एवढंच. पण या गावानं मला इतकी वर्षं पोसलं, तेव्हा मागितलं ते द्यावं असं वाटलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा कुडाळकडचा. वडील गेले, शाळा सुटली, आणि गावातल्या एका ओळखीच्या माणसाच्या मागोमाग मी या मुलखात आलो. तेव्हाचं औरंगाबाद. चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते, वाळूजकडं नुसती मोजमापं चालू होती. रोज नवीन पत्र्याची शेड दिसायची. मला एका कारखान्यात टेंपररी घेतलं आणि काही महिन्यांनी ब्रेक दिला. ब्रेक हा शब्द मी तिथंच शिकलो. मोडलं काय ते कळायला वेळ लागला.

त्यानंतर रशीदभाईंनी मला ठेवून घेतलं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तांब्याचे बंब घडवायचं काम. बंब म्हणजे मधोमध निखाऱ्याची नळी आणि भोवती पाणी. पण गॅस आला, विजेचे गिझर आले, बंब कुणी घेईना. तेवढ्यात सरकारनं उन्हावर पाणी तापवणाऱ्या यंत्राला अनुदान जाहीर केलं. रशीदभाई म्हणाले, "तांबा वोइच है, सिरफ अंगारा ऊपर से आने वाला." आणि त्यांनी दुकानावरची पाटी बदलली. वर्कशॉपमध्ये मला एक खाट दिली, डोक्यावर पंखा दिला. कोकणातल्या पोराला हे ऊन सोसणार नाही, हे त्यांनी न सांगता ओळखलं. त्यांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, इथं लिहून ठेवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यंत्र म्हणावं असं त्यात काही नाही. काचेखाली काळा रंग दिलेला तांब्याचा पत्रा, त्याला जोडलेल्या नळ्या, ही झाली पेटी. पेटीच्या वर, जरा उंचावर, कापूस-पत्र्यानं गुंडाळलेली टाकी. पेटीत तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं, टाकीतलं थंड खाली उतरतं. मोटार नाही, बटण नाही. सकाळपासून दुपारपर्यंत पाणी असं गुपचूप फिरत राहतं, संध्याकाळपर्यंत टाकी कढत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला गरम पाणी मिळतं. पेटीचं तोंड मात्र दक्षिणेकडंच पाहिजे.

अनुदानाचं असं होतं की खर्चाचा काही भाग सरकार द्यायचं, पण बसवून झाल्यावर. साहेब येणार, घरपट्टीवरचं नाव बघणार, दिशा बघणार, टाकीच्या पाण्यात थर्मामीटर धरणार, मग सही. तोवर दुकानदारानं कळ काढायची. मार्च संपत आला की साहेबांची गाडी गावभर फिरायची आणि आमचा जीव टांगणीला.

लोकही एकेक नमुने. देवगाव रंगारीच्या एका बागायतदारानं मी बसवून परत आल्यावर पेटीचं तोंड उत्तरेला फिरवून घेतलं. का, तर रस्ता उत्तरेला. "लोकाला दिसाय नगं व्हय? एवढी सरकारी वस्तू घेतली!" सिडकोतल्या एक वहिनी रोज दुपारी पेटीवर जाड कापडाचा अभ्रा घालायच्या. टीव्हीला शिवला होता तसाच, कडेला झालर लावून. काच उन्हानं खराब होईल म्हणून. मी समजावलं तर रागावल्या, "एवढी महागाची काच, अशीच उन्हात टाकायची?" त्यांचा जिव्हाळा खरा होता. पाणी गार राहत होतं, एवढंच.

पण मला सांगायचं आहे ते मुलींच्या वसतिगृहाचं.

शहराच्या जुन्या भागात, एका ओढ्याच्या काठाला ते वसतिगृह होतं. खेड्यापाड्यांतल्या, बहुतेक दलित घरातल्या मुली, थोड्या धनगर, भटक्या घरांतल्या. चालवणाऱ्या सुमनताई. स्वतः खेड्यातून शिकून वर आलेल्या, आवाज करडा, चप्पल कायम तुटलेली. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला. आज मोर्चा, उद्या बंद. खेड्यांत तर बोलायची सोय नव्हती. कुणाचं घर जळालं, कुणाचं पाणी तोडलं, अशी बातमी रोज. वसतिगृहातल्या मोठ्या मुली फलक घेऊन एका मोर्चात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या वखारवाल्यानं लाकूड द्यायचं बंद केलं. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं, "संपलं." वखारीत माणसाच्या उंचीएवढी रास दिसत होती आणि तो म्हणत होता, संपलं.

त्या हिवाळ्यात मुलींनी थंड पाण्यानं आंघोळी केल्या. अर्ध्या मुली तापानं झोपल्या. ताई कुठूनतरी अनुदानाचं ऐकून दुकानात आल्या. म्हणाल्या, "सूर्याची वखार कुणाच्या मालकीची नाही ना? मग तिथलं लाकूड द्या मला." आणि जरा थांबून, "पैसे मात्र सरकारकडून आले की."

उधारीवर एवढं मोठं काम रशीदभाईंनी कधी केलं नव्हतं. मी मधे तोंड घातलं. कसं घातलं माहीत नाही, माझा स्वभाव तसा भित्रा. म्हटलं, "भाई, देऊया. साहेबांची सही होईल. मी बघतो."

पेट्या चढल्या. पण भाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कोकणी, तेरी जबान पे बिठा रहा मैं. इस मार्च में साब सही नहीं किया ना, तो पेटियाँ उतार के लाना. तूइच उतारना. दूसरा गिराइक रोकड़ा ले के खड़ा है."

मला रात्री झोप लागेना. पेट्या उतरवायच्या म्हणजे माझ्याच हातांनी. आणि त्यानंतर माझी खाट तरी राहते का, हा विचार वेगळाच.

आठवडाभरात ताईंचा निरोप आला, सकाळी पाणी गारच. धावत गेलो. उतार बघितला, सांधे बघितले, नळीत हवा अडकली का बघितलं. सगळं ठीक. दुपारी टाकीला हात लावला तर चटका. सकाळी गार. मी डोकं धरून जिन्यात बसलो. तेवढ्यात खालून आरोळी उठली, "नळ आलाऽऽ!"

आणि मी जे पाहिलं ते या गावाचा माणूसच समजू शकतो. नगरपालिकेचं पाणी तेव्हा दुपारचं यायचं, तेही थोडा वेळ. नळ आला की घरात जे रिकामं दिसेल ते भरायचं, आणि वरच्या टाकीत नवं पाणी मावावं म्हणून टाकीतलं जुनं आधी खाली पिंपांत उतरवून घ्यायचं. मुली शिस्तीनं कामाला लागल्या. एकीनं थंड टाकीची तोटी सोडली, दुसरीनं सौर टाकीची. दिवसभर तापलेलं कढत पाणी धो धो पिंपांत गेलं, त्यावर नळाचं पडलं, आणि वर टाकीत थंडगार पाणी भरून ठेवलं. मुली दमून, पण खुशीत. पाणी वाया गेलं नाही ना!

पिशोरकडची रखमा त्यात पुढं असायची. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली, काटक, तोंडाची तिखट. मी तिला म्हटलं, "अगं, ही टाकी सोडायची नसते."

"आवो दादा, नळ आल्यावर टाकी भरलेली ठिवायची? मग येनारं पानी कुटं घ्यायचं, वटीत?"

समजावून सांगितलं. तिनं ऐकलं, म्हणाली, "मंग असं आधी सांगायचं ना. आम्हाला वाटलं, दुसरी टाकी बी टाकीच." खरं होतं. ज्या मुलखात नळ ही दुपारची लॉटरी, तिथं भरलेली टाकी तशीच ठेवा हे सांगणाराच येडा ठरतो.

पुढचे काही दिवस सकाळी वाफाळतं पाणी आलं. मुली न्हाणीतून गाणी म्हणत बाहेर यायच्या म्हणे. ताईंनी मला चहा पाजला. साहेबांची तारीख मिळाली. मला वाटलं, सुटलो.

मग बंद पुकारला गेला. गावात वातावरण तंग. आणि त्या गडबडीत नळ यायचा थांबला. व्हॉल्व्ह सोडणारा माणूस आला नाही, कुणी म्हणे पाइप फुटला. एक दिवस गेला, दुसरा गेला. वसतिगृहातली पिंपं तळाला लागली. वरची थंड टाकी रिकामी झाली. सौर टाकीला कुणी हात लावायचा नाही, असं मीच सांगून ठेवलेलं, आणि मुलींनी तो शब्द पाळला. तहानेल्या होत्या, तरी पाळला.

साहेब यायच्या आदल्या दुपारी मी गच्चीवर होतो. टाकी कढत, उद्यासाठी तयार. आणि आरोळी, "नळ आलाऽऽ!" त्यामागोमाग शेजारच्या गल्लीतल्या बायाही हंडे घेऊन दारात. त्यांच्याकडं तर नळच नव्हता.

ताई धापा टाकत वर आल्या. मी तोटीवर हात ठेवून उभा.

"सोड," त्या म्हणाल्या.

"ताई, उद्या साहेब येणार. हे सोडलं की टाकीत थंड पाणी शिरणार."

"मला कळतंय ते. पण नळ किती वेळ राहील सांगता येतं का तुला? जेवढं उतरवू तेवढं वर मावेल. परत कधी येईल कोण जाणे."

"भाई पेट्या उतरवायला लावतील, ताई."

"उतरव मग. मला पोरींना प्यायला पाणी नाही आणि मी सरकारला गरम पाणी दाखवत बसू?" मग आवाज उतरला. "बाबा, तुझं नुकसान होतंय. दिसतंय मला. पण सोड."

मी तोटी सोडली. पिंपांतून वाफ निघाली. रखमानं पिंपांवर घोंगड्या टाकल्या. तिच्या घरची सवय, पाणी असो की पिल्लू, घोंगडं घालायचं. नंतर नळ बराच वेळ राहिला आणि वरच्या दोन्ही टाक्या थंड पाण्यानं भरल्या. बायांचे हंडेही भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोशीसाहेब आले. जीपमधून उतरले ते घड्याळ बघतच. त्या दिवशीही बंद होता, रस्ते ओस. वर आले, घरपट्टी पाहिली, होकायंत्र धरलं, आणि टाकीच्या तोटीखाली थर्मामीटर. मी भिंतीकडं बघत राहिलो.

"हे काय? साधं कोमटसुद्धा नाही."

ताई सांगू लागल्या, पण साहेबांनी पेन काढलं होतं. "नाही हो, मला टाकीचं तापमान लागतं. चालत नाही असाच शेरा पडणार." घसा खाकरून म्हणाले, "जरा पाणी द्या प्यायला. थंड."

रखमा खाली गेली, तांब्या घेऊन आली. साहेबांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, गरम पाणी काय प्यायला देता?"

मग रखमाच म्हणाली, "सायेब, त्येच तर तपासाया आलाव ना तुम्ही. काल नळ आला, मून खाली उतरिवलं."

साहेब खाली आले. घोंगडं उचलून पिंपात हात घातला. रात्र उलटूनही पाणी कोमट. बराच वेळ हात तसाच पाण्यात. मग म्हणाले, "मला पटलं. पण कागदाला पटत नाही. कागदावर पिंप नाही, टाकी आहे."

तेवढ्यात ड्रायव्हर दारात आला. "साहेब, चौकात दगडफेक चालू झाली. मी गाडी ऑफिसला लावतो, नाहीतर काचा राहत नाहीत." आणि साहेब काही म्हणायच्या आत तो गेला.

साहेब व्हरांड्यातल्या बाकावर बसले. जाणार कुठं? बाहेर घोषणा, पळापळ, मधेच सामसूम. मुली दारं लावून आत. मी जिन्यात. ऊन चढत होतं, आणि मला पहिल्यांदा जाणवलं, ते आमच्यासाठी चढतंय.

रखमाला गप्प बसवत नाही. तिनं दाराआडून विचारलं, "सायेब, तुम्ही कोन्त्या बाजूचे हाव? नाव बदलाव का नाय?"

ताई ओरडल्या, "रखमे!" पण साहेब हसले. दमलेल्या माणसासारखं. "मी थर्मामीटरच्या बाजूचा गं बाई. तो जे सांगेल ते लिहितो." जरा वेळानं आपणहून बोलले, "आमचे वडील वेरूळला असतात. देवळात पूजा सांगतात. जन्मभर पहाटे थंड पाण्यानं आंघोळ. त्यांना मी काय नोकरी करतो ते अजून कळलेलं नाही. म्हणतात, पाणी गरम आहे का बघायला सरकारनं माणूस ठेवलाय?"

सगळ्या मुली दाराआड हसल्या.

जेवणाची वेळ झाली. ताईंनी विचारलं. साहेब म्हणाले, "नको, डबा आहे." मग इकडंतिकडं पाहिलं. डबा जीपमध्ये गेला होता. ताईंनी पुन्हा विचारलं नाही. तेव्हाच्या दिवसांत ते किती अवघड होतं, हे आता सांगून कळणार नाही. शेवटी साहेबच म्हणाले, "काय केलंय?" स्टोव्हवरचं पिठलं होतं आणि ज्वारीची भाकरी. बाकावर मांडी घालून जेवले. दुसरी भाकरी मागून घेतली.

दुपार कलल्यावर ते स्वतःच उठले. "चल रे," मला म्हणाले. गच्चीवर गेलो. त्यांनी थर्मामीटर काढलाच नाही आधी, तोटीखाली सरळ हात धरला आणि "अगं आई!" म्हणून मागं घेतला. मग थर्मामीटर, मग कागद, मग सही. सही करताना म्हणाले, "सकाळची वेळ टाकत नाही. मला यायला उशीर झाला असं समज."

अनुदान यायचं तेव्हा आलं, रखडत रखडत. पेट्या उतरल्या नाहीत. पुढं इथल्या बोअरच्या पाण्यानं नळ्यांत क्षार धरला, दर उन्हाळ्यात मी ॲसिड घालून साफ करत बसलो. अनुदानाचे नियम बदलले, मग बंद झालं, पुन्हा वेगळ्या नावानं चालू झालं. रशीदभाई गेले. बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाच्या नावाचाही विस्तार झाला. ताई तोवर निवृत्त होऊन गावी गेल्या होत्या. वखारवाल्याच्या मुलानं मला बोलावून गच्चीवर पेटी बसवून घेतली. अनुदान मिळेल ना, एवढंच विचारलं त्यानं. मी म्हटलं, दक्षिणेला तोंड पाहिजे.

मला स्वतःला मात्र कधी बसवता आली नाही. घरपट्टीवर नाव लागतं. मी कायम भाड्याच्या खोलीत. उभ्या शहराला गरम पाणी दिलं आणि स्वतः सकाळी गार बादली. तक्रार नाही. छप्पर तरी मिळालं, तेही परक्या गावात.

आणि एकदा मिळालं होतं तेही सांगून टाकतो. सही झाली त्याच संध्याकाळी बंद निवळला, साहेब चालत निघून गेले, मीही हत्यारं पिशवीत भरत होतो. ताईंनी विचारलं, "तुझ्या खोलीवर गरम पाणी असतं का रे?"

"वर्कशॉपमध्ये राहतो, ताई. हौद आहे."

त्या आत गेल्या. मागच्या अंगणात सरपणाची खोली होती, लाकूड बंद झाल्यापासून रिकामी. तिथं त्यांनी बादली ठेवायला लावली, दाराला पोतं बांधलं, आणि म्हणाल्या, "सरकारचं येईल तेव्हा येईल. हे आमच्याकडून."

मुली लांब स्वयंपाकघरात हसत होत्या. मी अंगावर पहिला तांब्या ओतला. घर सोडल्यापासून अंगाला गरम पाणी लागलं नव्हतं. आमच्याकडं आई नारळाच्या सोडणांवर हंडा तापवायची, त्या पाण्याला नेहमी धुराचा वास असायचा आणि डोळे चुरचुरायचे. या पाण्याला कसलाच वास नव्हता. सरपणाच्या त्या खोलीत काडीभर लाकूड नव्हतं, धूर नव्हता. तरी डोळे चुरचुरले. मी बादली संपेपर्यंत ते पुसले नाहीत.